श्पायरचे दानपत्र

इस्राएलमध्ये आल्यापासून आपल्यापैकी पुष्कळांना शेजारच्या अश्कनाझी सिनेगॉगमध्ये शब्बाथची तेफिल्ला करण्याचा प्रसंग येतो. तोरा वाचून झाल्यावर तेथे 'आव हारहमीम' म्हणतात. कोकणातून आणलेल्या आपल्या रिवाजात ही प्रार्थना नव्हती. त्यामुळे ती कोणाच्या स्मरणार्थ आहे हे आपल्या घरांत सहसा ठाऊक नसते. १०९६ साली ऱ्हाईन नदीकाठी जे यहुदी मारले गेले, त्यांची ती आठवण. प्रार्थनेत गावांची नावे नाहीत. ती हवी असतील तर जुन्या बखरी उघडाव्या लागतात, आणि त्यांतल्या कित्येक ख्रिस्ती धर्मगुरूंनी लॅटिनमध्ये लिहिलेल्या आहेत.

श्पायरपासून सुरुवात करू. १३ सप्टेंबर १०८४ रोजी तेथील बिशप रूडिगर याने यहुद्यांना एक लॅटिन दानपत्र दिले. आपल्याला गावाचे शहर करावयाचे आहे, यहुदी आणून वसवले तर गावाचा मान हजारपटीने वाढेल, असे तो त्यात उघड लिहितो. दयेपेक्षा हिशेबच अधिक! सोन्याचांदीची अदलाबदल व खरेदीविक्री करण्याची मुभा, कबरस्तानासाठी चर्चच्या मालकीची जमीन, आपसांतले तंटे सिनेगॉगच्या प्रमुखाने सोडवावेत, कोशेर न ठरलेले मांस ख्रिस्ती लोकांना विकावे, अशी कलमे आहेत. मोबदला वर्षाला साडेतीन पौंड, श्पायरच्या नाण्यांत. आणि जमावाचा उपद्रव होऊ नये म्हणून वस्तीभोवती तट. हे कलम आम्हाला सर्वांत बोलके वाटते. तट कोणापासून हवा, हे बिशपला बारा वर्षे आधीच कळले होते. (कोचीनच्या यहुद्यांजवळ ताम्रपट होता. आपल्या शनिवार तेल्यांना असे काही मिळाल्याचे ऐकिवात नाही, पण तट बांधण्याची पाळीही त्यांच्यावर आली नाही.) १०९० साली सम्राट चौथा हेन्री यानेही या सवलतींना मान्यता दिली.

नोव्हेंबर १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने क्लेर्मों येथे पूर्वेकडील स्वारीची हाक दिली. वाटेतले यहुदी आधी हाताला लागले. ३ मे १०९६, म्हणजे ८ इय्यार, शब्बाथच्या दिवशी श्पायरला अकरा जण मारले गेले. तेव्हाचा बिशप योहान याने बाकीच्यांना आश्रय दिला. हिब्रू बखरकार सांगतो की त्याने हल्लेखोरांचे हात तोडले, आणि त्याला परराष्ट्रीयांतला पुण्यवान म्हणून गौरवतो. बेर्नोल्ड नावाचा लॅटिन बखरकार मात्र कुरकुरतो, की बिशपने यहुद्यांचा पैसा खाऊन ख्रिस्ती माणसे मारविली. शिक्षा झाली, एवढे मात्र दोघेही सांगतात. तक्रार करणाऱ्याची साक्ष इथे स्तुती करणाऱ्याच्या साक्षीइतकीच मोलाची आहे.

व्होर्म्सला सुमारे ८०० बळी पडले. माइन्त्सला सरदार एमिखोचे सैन्य शिरले. आर्चबिशपचा वाडा कामी आला नाही. मृतांचा आकडा हिब्रू बखर ११०० देते, तर लॅटिन बखरकार आखेनचा आल्बर्ट ७०० देतो. शत्रूच्या तलवारीखाली जाण्यापूर्वी आईबापांनी आपली मुले स्वतःच्या हातांनी मारली, हे केवळ हिब्रूत असते तर शोकाच्या भरातली अतिशयोक्ती म्हणून कोणीही बाजूला सारले असते. आल्बर्टही तेच लिहितो, आणि तो काही आपला माणूस नव्हे. एमिखोच्या टोळ्या पुढे हंगेरीत मोडल्या, तो देवाचा न्याय असे तो म्हणतो. त्यांच्यातल्या काही भोळसटांनी एका हंसिणीला व एका बकरीला दैवी वाटाडे मानले होते, याचीही तो नोंद करतो.

जर्मन विद्वानांनी १८१९ पासून अशा लॅटिन ग्रंथांची छपाई पद्धतशीर हाती घेतली. हिब्रू बखरी नॉयबाउअर आणि श्टेर्न यांनी १८९२ साली बर्लिनला छापल्या. मग दोन्ही पुस्तके एका मेजावर उघडून ताळा घेता येऊ लागला.

श्पायरच्या यहुद्यांनी मात्र गाव सोडले नाही. ११०४ साली त्यांनी नव्या सिनेगॉगचे उद्घाटन केले, शेजारी दगडी मिक्वे बांधला. २०२१ मध्ये युनेस्कोने या जागेला व्होर्म्स व माइन्त्सबरोबर जागतिक वारसा ठरविले. सिनेगॉगच्या आता भिंतीच उरल्या आहेत. मिक्वेच्या पायऱ्या अजून खाली पाण्यापर्यंत उतरतात.