थिंक-पेअर-शेअर

थिंक-पेअर-शेअर (आधी विचार, मग जोडीने चर्चा, शेवटी वर्गापुढे मांडणी) ही सक्रिय अध्ययनाची एक पद्धत आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे फ्रँक लायमन यांनी ती १९८१ मध्ये मांडली. बाकांची रचना न बदलता, व्याख्यानाच्या मध्येच वापरता येत असल्याने ती मोठ्या महाविद्यालयीन वर्गांत सोयीची ठरते.

टप्पे

१. विचार: शिक्षक प्रश्न देतात. प्रत्येक विद्यार्थी काही मिनिटे एकट्याने विचार करून उत्तर लिहितो.
२. जोडी: शेजारी बसलेले दोघे आपापली उत्तरे ताडून पाहतात व एकमेकांना कारणे सांगतात.
३. मांडणी: काही जोड्या वर्गापुढे उत्तरे मांडतात. शिक्षक चुका दुरुस्त करून चर्चेचा समारोप करतात.

प्रश्नाचे स्वरूप

एका शब्दात उत्तर संपणारा प्रश्न या पद्धतीला उपयोगी पडत नाही. उदाहरणार्थ, भंडारदरा येथील विल्सन धरण कोणत्या नदीवर आहे, या प्रश्नाचे उत्तर 'प्रवरा' एवढेच असल्याने चर्चेला वाव उरत नाही. याउलट, अतिवृष्टीच्या प्रदेशात बांधलेल्या या धरणाचे पाणी पूर्वेकडील शेतीला का लागते, असे विचारल्यास पर्जन्यछाया, भूमीचा उतार आणि कालवे यांचा संबंध जोडावा लागतो.

महाराष्ट्रातील संशोधन

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे अदिती कोठियाल, सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आदी संशोधकांनी संगणक प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या मोठ्या वर्गात या पद्धतीचा अभ्यास केला. १० आठवड्यांतील १३ उपक्रमांचे निरीक्षण केल्यावर सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णतः किंवा बहुतांशी सहभागी असल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र सहभाग म्हणजे आकलन नव्हे. त्यामुळे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात दोन गटांची तुलना करण्यात आली. त्यात या पद्धतीने शिकलेल्या गटाचे संकल्पनांचे आकलन व्याख्यानातून शिकलेल्या गटापेक्षा सरस ठरले.

मर्यादा

पहिला टप्पा घाईने उरकल्यास एक विद्यार्थी दुसऱ्याचे उत्तर केवळ स्वीकारतो आणि जोडीचा हेतू निष्फळ होतो. तिसरा टप्पा वगळल्यास जोडीत रुजलेला चुकीचा समज तसाच राहू शकतो. उपक्रमांना वेळ द्यावा लागत असल्याने अभ्यासक्रमातील कोणत्या संकल्पनांसाठी ही पद्धत वापरावी, हे शिक्षकाला आधीच ठरवावे लागते.