एचआयव्ही प्रोटिएज : रचना आणि औषधशोध

एचआयव्ही विषाणूची बरीच प्रथिने आधी लांब साखळ्यांत तयार होतात. त्या योग्य जागी कापणाऱ्या विकराला प्रोटिएज म्हणतात. हे विकर निकामी झाले, तर नवे विषाणू अपक्व राहतात आणि संसर्ग करू शकत नाहीत.

या विकराची स्फटिकरचना 1989 मध्ये उलगडली. प्रत्येकी 99 ॲमिनो आम्लांच्या दोन एकसारख्या साखळ्या, त्यांच्या मधोमध खाच आणि खाचेवर हलत्या झडपा. खाचेच्या तळाशी दोन्ही साखळ्यांतील 25 व्या क्रमांकाची ॲस्पार्टिक आम्ले समोरासमोर येतात. काटछाट तिथेच होते. ती खाच नेमकी बुजवणारे रेणू रसायनशास्त्रज्ञांनी घडवले. अशा सॅक्विनाव्हिर या औषधाला अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली.

या अभ्यासात मुंबईचा वाटा मोलाचा आहे, आणि तो मराठी वाचकांना फारसा माहीत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एम. व्ही. होसूर यांच्या गटाने प्रोटिएजच्या दोन्ही साखळ्या छोट्या दुव्याने जोडून स्फटिक मिळवले. त्यात पेप्टाइड, म्हणजे ॲमिनो आम्लांची छोटी साखळी, मुरवल्यावर विकराने स्फटिकातच ते कापले आणि दोन्ही तुकडे खाचेत दिसले. दोन ॲस्पार्टिक आम्लांमधील अतिशय आखूड हायड्रोजन बंधही या रचनेत आढळला. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या स्मिता महाले आणि फ्रेंच सहकारी यांच्यासह हे संशोधन 2006 मध्ये प्रसिद्ध झाले.

विषाणू उत्परिवर्तनाने खाचेचा आकार बदलतो आणि औषध निसटते. म्हणूनच प्रतिरोधी प्रोटिएजच्या रचनाही तपासाव्या लागतात.