संपृक्त स्निग्धाम्ले : एका संज्ञेचा इतिहास

सोयीसाठी स्वीकारलेली संज्ञाच पुढे विचाराच्या मार्गातील अडसर व्हावी, असे शास्त्रांच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. ‘संपृक्त स्निग्धाम्ले’ ही अशीच एक संज्ञा होय. ती मूळची रसायनशास्त्राची. ज्याच्या कार्बन-साखळीत एकही दुहेरी बंध नाही ते स्निग्धाम्ल संपृक्त, एवढाच तिचा अर्थ. साखळीच्या लांबीचा बोध तीतून होत नाही.

१९१३ साली रशियातील निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत विकृती निर्माण केली. मानवी आहारातील स्निग्धांची पद्धतशीर परीक्षा मात्र १९५० नंतरची. मिनेसोटा विद्यापीठातील अन्सेल कीज यांनी नियंत्रित आहाराच्या प्रयोगांवरून १९५७ मध्ये असे सूत्र मांडले की, संपृक्त स्निग्धांमुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. परंतु १९६५ मध्ये स्वतः कीज यांना, तसेच हार्वर्ड येथील हेगस्टेड यांना, या सूत्रास अपवाद आढळला. कोको-स्निग्धात विपुल असलेले १८ कार्बनांचे स्टिअरिक आम्ल कोलेस्टेरॉल फारसे वाढवीत नव्हते; हा गुण मुख्यतः १२ ते १६ कार्बनांच्या लॉरिक, मिरिस्टिक व पामिटिक या आम्लांचा होता. १९८८ मध्ये बोनानोमे व ग्रंडी यांच्या प्रयोगाने स्टिअरिक आम्लाविषयीचा हा निष्कर्ष दृढ झाला.

हा भेद व्यवहारात उतरला नाही. ‘संपृक्त’ तेवढे त्याज्य मानल्यावर त्याच्या जागी काय येते, हा प्रश्न गौण ठरला. अंशतः हायड्रोजनीकृत तेले अनेक देशांत लोण्याची, तर भारतात वनस्पती तुपाच्या रूपाने साजूक तुपाची जागा घेत राहिली. त्यांतील ट्रान्स स्निग्धाम्ले घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवितात, हे मेन्सिंक व कटान यांनी १९९० मध्ये दाखविले. भारतात तेला-तुपांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित होण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

मधुमेहाच्या संदर्भातही हाच भेद प्रत्ययास येतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ युरोपीय देशांतील अभ्यासात रक्तातील सम कार्बनसंख्येच्या संपृक्त आम्लांचा संबंध अधिक मधुमेहाशी, तर दुधातही आढळणाऱ्या १५ व १७ कार्बनांच्या आम्लांचा संबंध कमी मधुमेहाशी दिसला. तथापि पामिटिक आम्ल यकृत पिष्टमय पदार्थांपासूनही बनविते. म्हणून रक्तातील प्रमाणावरून आहाराचा सरळ निर्णय करता येत नाही.

या इतिहासाने पामिटिक आम्ल निर्दोष ठरत नाही. त्याच्या जागी असंपृक्त तेल आल्यास कोलेस्टेरॉल घटते, हा निष्कर्ष आजही टिकून आहे. दोष वर्गीकरणाचा नसून, रसायनातील वर्ग हाच शरीरातील परिणामांचाही वर्ग आहे असे गृहीत धरण्याचा होता.