विहिरीचे पाणी आणि धर्म

आपल्या अंबडच्या शेतांवर कारखाने उभे राहिले. म्हणून वसईची हकीकत सांगावीशी वाटते. मजुराला न्याय्य वेतन मिळालेच पाहिजे, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली आपल्या परिपत्रात बजावले होते. वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच वाटेने पुढे गेले. बागायतीवर बिल्डरांची नजर होती, विहिरींचे गोडे पाणी टँकरने बाहेर चालले होते. 'हरित वसई'च्या चळवळीत बायकाही उतरल्या; विहीर आटली की घागर कोणाच्या डोक्यावर येते, हे त्यांना कोणी सांगावे? धर्मगुरूने राजकारणात पडावे काय, असे पुष्कळांनी विचारले. मला तर केळी सुकत असता नुसती प्रार्थना करणेच विचित्र वाटते! 'सुवार्ता' मासिकातून ते लिहीत राहिले. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते निवर्तले.