रुमालातले उरलेले कागद

शनिवारी मुदखेडला घरी आलो होतो. चहाचा पहिला घोट घेतोय तोच ऑफिसातून फोन. रात्रीच्या बॅकअपला डिस्क पुरत नाहीये, ६० व्हर्च्युअल मशीनपैकी ४० च बसतील, कुठल्या ठेवायच्या ते आजच सांग!

यादी उघडली. बिलिंग, मेल, डेटाबेस... डोळे मिटून टिक. काही वेबसर्व्हर वगळले, ते स्क्रिप्टने अर्ध्या तासात पुन्हा उभे राहतात. अडलो 'टेस्ट-३' पाशी. त्यावर काय आहे कुणालाच माहीत नाही, आणि बनवणारा कधीच नोकरी सोडून गेलाय.

मंडळी, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी येऊन गेलाय. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कारभाराचे कागद इंग्रजांकडे गेले. त्यांनी ते जपले, पण इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे बरं का! इनामं-वतनं खरी की खोटी ते तपासायला कागद लागत होते. संशोधकांना मात्र दार बराच काळ बंदच. शेवटी १९३० च्या सुमारास मुंबई सरकारने रियासतकार गो. स. सरदेसाईंना निवड करायला बसवलं. सुमारे ३५ हजार रुमाल, त्यातले २७ हजारांहून जास्त मोडीत! पासष्टीतल्या या माणसाने १९३४ पर्यंत ४५ खंड काढले. (आपण साठ मशीनच्या यादीला वैतागतो.)

त्यांची यादी 'काय घ्यायचं' अशी होती. लढाया, वकिलांची पत्रं, दरबारातली भांडणं. समाज आणि अर्थव्यवहाराचेही काही खंड निघाले, पण भर राजकारणावर. पुढच्या पिढीला शेतसारा नि न्यायनिवाडा यांवर लिहायचं होतं, तेव्हा तिला न छापलेल्या रुमालांकडेच वळावं लागलं. नशीब, सरदेसाईंनी निवड फक्त छापण्यापुरती केली होती. मूळ रुमाल पुण्यात जागेवर होते. आमच्या यादीत ती सोय नाही. डिस्क गेली की वगळलेली मशीन गेलीच.

मराठवाड्यात हे सगळ्यांनी हल्लीच अनुभवलं. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, त्यामुळे जुने कागद उर्दूत, काही मोडीत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगाव कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रकं, शाळेची प्रवेश रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या नोंदी. ज्यांना कुणी 'महत्त्वाचे' म्हटलं नसतं असे कागद! शेजारचे काका वडिलांची नोंद शोधत एका शाळेत गेले. जुनं रजिस्टर? वाळवी लागली म्हणून फेकून दिलं. परत येऊन मला म्हणाले, "बाळा, तुमच्या त्या कंप्युटरात नाही का रे सापडायचं?" काय सांगणार...

असो. यादीकडे परत आलो. आता 'महत्त्वाची आहे का' हे विचारणं सोडलं, 'पुन्हा बनवता येईल का' एवढंच विचारलं. आणि सेटिंग उलटं केलं : सगळ्या मशीन आत, वगळायच्या तेवढ्या नावानिशी बाहेर. नाहीतर उद्या कुणी नवी मशीन उभी केली आणि टिक करायला विसरला, तर ती गेली म्हणूनच समजेल.

मग 'टेस्ट-३' उघडली. तीन वर्षांपूर्वी ग्राहकांचा डेटा जुन्या सिस्टीममधून आणला होता, त्याची मूळ फाइल तिथेच पडलेली. दुसरीकडे कुठेच नाही! ती आत घेतली, जागेसाठी आणखी दोन वेबसर्व्हर बाहेर काढले आणि फोन लावला. चहा तोवर गार झाला होता.