नव्या मनुष्याच्या खोऱ्यातील जुना मनुष्य

जर्मनीत ड्यूसेलडॉर्फ शहराजवळ नेआन्डर नावाचे एक खोरे आहे. सतराव्या शतकातील योआखिम नेआन्डर या स्तोत्रकाराचे नाव त्यास मिळाले. त्याच्या घराण्याचे मूळ आडनाव नॉयमान, म्हणजे ‘नवा मनुष्य’. नेआन्डर हे त्याचेच ग्रीक रूप. आणि नेमके याच खोऱ्यात, १८५६ च्या ऑगस्टात, चुनखडीच्या खाणीवरील मजुरांनी एका गुहेतला गाळ उपसताना हाडे बाहेर फेकली, ती निघाली हिमयुगातील मनुष्याची!

ती अस्वलाची असावीत असे प्रथम सर्वांस वाटले. पण एल्बरफेल्ड येथील शाळामास्तर योहान कार्ल फुलरोट यांनी ती पाहताच मनुष्याची म्हणून ओळखली, आणि तीही फार प्राचीन. मास्तरांचे कोण ऐकतो? बॉनचे एक प्राध्यापक म्हणाले, हा १८१४ साली इकडे आलेल्या रशियन फौजेतला मुडदूस झालेला कोसॅक घोडेस्वार असावा! थोर वैद्यकपंडित फिर्शो यांनीही १८७२ साली ही विकृती रोगाची ठरविली. विल्यम किंग यांनी मात्र १८६४ सालीच ‘होमो नेआन्डरथालेन्सिस’ ही निराळी जात मानली होती. पुढे १८८६ साली बेल्जममधील स्पी येथे तसेच सांगाडे, दगडी हत्यारांसह, सापडले आणि वाद बहुतेक मिटला. फुलरोट मास्तर १८७७ सालीच वारले होते.

जात मान्य झाली, पण अब्रू गेली ती गेलीच. १९०८ साली फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सें येथे एक वृद्ध सापडला. त्याच्यावरून मार्सेलँ बूल यांनी गुडघ्यात वाकलेला, मान पुढे काढून चालणारा अर्धवट पशू रंगविला. आमच्या पिढीने पुस्तकांतून पाहिला तो हाच. १९५७ साली स्ट्रॉस व केव्ह या दोघांनी ती हाडे पुन्हा तपासली, तेव्हा कळले की म्हाताऱ्यास संधिवात होता. एका आजारी म्हाताऱ्यावरून साऱ्या जातीची परीक्षा झाली होती! आमच्या कंबरेच्या दुखण्यावरून कोणी मराठी माणसाची चाल ठरविली, तर कसे होईल?

त्याच १९५७ साली इराकमध्ये शानिदार गुहेत राल्फ सोलेकी यांस जो पुरुष मिळाला, त्याची गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. त्याचा उजवा हात वाळलेला व तुटलेला, पाय अधू, डावा डोळा बहुधा गेलेला. परंतु जखमा मृत्यूपूर्वी कितीतरी वर्षे भरून आलेल्या. असा मनुष्य चाळिशीपर्यंत जगला, तो एकट्याच्या बळावर शिकार करून खचित नव्हे. कोणीतरी त्याला घास देत होते.

सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी ही जात नाहीशी झाली. पण अगदीच नाही. स्वांटे पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली तिचा आनुवंशिक लेख वाचला, आणि आफ्रिकेबाहेरील मनुष्यांत तिचा एक-दोन टक्के वारसा आढळला. म्हणजे आपल्यातही तो आहे. २०२० साली कोरोनाचा आजार तीव्र करणारा एक जनुकखंड याच वारशातला निघाला, आणि तो दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत आहे. पुढल्याच वर्षी पेबोंना त्याच घराण्याकडून आलेला, त्या आजारात संरक्षण देणारा दुसरा खंडही सापडला.