बहुथ्रेडी सी आज्ञावलींचे युनिक्सवरील संकलन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
युनिक्सवर सी भाषेतील बहुथ्रेडी आज्ञावली संकलित करताना ‘-पीथ्रेड’ हा पर्याय जोडण्याचा संकेत रूढ आहे. या लहानशा पर्यायामागे एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे : समांतरता ही भाषेची जबाबदारी की बाहेरून जोडलेल्या लायब्ररीची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

मानकाचा उदय :
१९७०च्या दशकारंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली, तेव्हा युनिक्समध्ये कामाची विभागणी प्रोसेसद्वारे होत असे. १९८९च्या सी मानकातही थ्रेडला स्थान नव्हते. एकाच प्रोसेसची स्मृती वापरणाऱ्या थ्रेडसाठी उत्पादकांनी आपापल्या पद्धती अवलंबिल्या. १९९५च्या पॉसिक्स १००३.१सी मानकाने त्यांना समान रूप दिले. मात्र जुनी गृहीतके टिकली नाहीत. त्रुटिक्रमांक ठेवणारे ‘एरनो’ प्रत्येक थ्रेडसाठी स्वतंत्र करावे लागले. काही प्रणालींवर अशा बदलांची सूचना संकलनापूर्वीच द्यावी लागे. म्हणून केवळ लायब्ररी जोडणारा ‘-एलपीथ्रेड’ अपुरा ठरून, संकलन व जोडणी या दोन्ही टप्प्यांना लागू होणारा ‘-पीथ्रेड’ महत्त्वाचा ठरला.

लिनक्सवरील वाटचाल :
१९९६ मध्ये झाव्हिए लरुआ यांची ‘लिनक्सथ्रेड्स’ लायब्ररी आली. तीत प्रत्येक थ्रेड कर्नलच्या लेखी स्वतंत्र प्रोसेस असल्याने थ्रेडांचे प्रोसेसक्रमांक भिन्न येत. सिग्नलांची हाताळणीही मानकाशी जुळत नसे. उल्रिख ड्रेपर व इंगो मोल्नार यांच्या ‘एनपीटीएल’ने हे दोष बव्हंशी दूर केले, २००३च्या लिनक्स २.६ कर्नलने तिला आधार दिला.

लायब्ररीकडून भाषेकडे :
२००५ मध्ये हान्स बोम यांनी दाखवून दिले की थ्रेड केवळ लायब्ररीच्या रूपाने निर्दोषपणे साकारता येत नाहीत. एकाच थ्रेडचे गृहीतक धरून आज्ञावली वेगवान करणारा संकलक मुळात नसलेले स्मृतिलेखन निर्माण करू शकतो. २०११च्या सी मानकाने स्मृतीविषयक नियम भाषेतच आणले; थ्रेडची सोय मात्र ऐच्छिक ठेवली. २०२१ मध्ये ग्लिबसी २.३४ने पीथ्रेडची कार्ये मुख्य लायब्ररीत सामावून घेतली.

निष्कर्ष :
ग्लिबसीवर आता स्वतंत्र जोडणीची गरज उरलेली नाही. जबाबदारी मात्र संपलेली नाही. दोन थ्रेड एकच चल संरक्षणाविना बदलत असले तरी संकलक सहसा आक्षेप घेत नाही. आज्ञावली निर्विघ्न संकलित होते आणि पुढे केव्हातरी चुकते. म्हणून अध्यापनात पर्याय पाठ करून घेण्यापेक्षा त्यामागील इतिहास उलगडून दाखविणे अधिक हितावह ठरेल.